सागाची विरळणी: कोणते झाड ठेवता त्यावर लाकडाचा दर्जा

ऑक्टोबर छाटणीनंतर निफाड-दिंडोरीकडचा द्राक्ष बागायतदार वेलीवरचे जास्तीचे घड बिनदिक्कत काढून टाकतो. राहिलेल्या घडांतले मणीही थिनिंगला आलेल्या बायकांकडून कात्रीने काढून घेतो. त्यासाठी मजुरीही मोजतो. सगळे मणी ठेवले तर एकही मणी भावात बसणार नाही, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. हाच शेतकरी नाल्याकाठच्या सागाच्या तुकड्यात मात्र एका झाडाला हात लावू देत नाही. तिथे हिशोब असतो, जितकी झाडे तितके पैसे.

आमच्या घरीही हाच हिशोब झाला होता. १९९९ च्या पावसाळ्यात वडिलांनी दिंडोरी तालुक्यातल्या आमच्या रानात, नाल्यालगतच्या अर्ध्या एकरात सागजडी लावली. अंतर ६ बाय ६ फूट, म्हणजे सहाशे झाडे. मी तेव्हा कृषी महाविद्यालयात होतो. सहाव्या वर्षी झाडांची छत्रे एकमेकांत शिरली, खालच्या फांद्या वाळू लागल्या. निम्मी झाडे काढू या, असे मी म्हणालो. वडिलांचे उत्तर होते, "अरे, पोटच्या पोरासारखी वाढवलेली झाडं तोडायची? राहू दे की." राहिली. २०१२ मध्ये घरात पैशांची गरज पडली तेव्हा परवानगी काढून निम्मी झाडे एकदम तोडली. कोणती तोडायची हे व्यापाऱ्याने ठरवले आणि त्याने साहजिकच जाड, सरळ झाडे निवडली. मागे राहिली ती काठीसारखी उंच, बारीक झाडे. त्यांतली काही पुढच्याच पावसाळ्यात वाकली आणि बाकीच्यांच्या खोडावर वरपासून खालपर्यंत फुटवे आले. सात वर्षांचा उशीर आणि एक चुकीची निवड यांचे परिणाम त्या तुकड्यात आजही दिसतात. सागाबद्दल सल्ला विचारणाऱ्यांना मी आधी तोच तुकडा दाखवतो.

तुमच्याकडे पाच ते पंधरा वर्षांचा दाट साग उभा असेल, तर पुढचे नीट वाचा. लागवडीच्या वेळी अंतर, खड्डा, खत यांची भरपूर चर्चा होते, पण लाकडाचा दर्जा मुख्यतः या वयातल्या निर्णयांवर ठरतो.

गर्दीत झाडाचे काय होते

साग हे कडक उन्हाचे झाड आहे. सावली त्याला सोसत नाही. दाट लागवडीत प्रत्येक झाड उजेडासाठी वर धावते. पहिली काही वर्षे ही धाव फायद्याची असते. खोड सरळ राहते, बाजूच्या फांद्या बारीक राहून सावलीत वाळतात आणि गळतात. म्हणूनच सुरुवातीला अंतर कमी ठेवतात. पहिल्याच दिवशी १२ बाय १२ फुटांवर साग लावला तर तो पेरूसारखा पसरतो, मनगटाएवढ्या फांद्या धरतो आणि त्या प्रत्येक फांदीची गाठ पुढे फळीत उतरते.

छत्रे एकमेकांना भिडली की मात्र याच गर्दीचा तोटा सुरू होतो. झाडाची उंची फारशी कमी होत नाही. उंची मुख्यतः जमिनीच्या कसावर आणि पाण्यावर ठरते. कमी होते ती जाडी. हिरवा पाला शेंड्याकडे मूठभर उरतो. तेवढ्या पाल्यावर तयार झालेले अन्न आधी शेंडा आणि मुळे घेतात. खोड जाड करण्याचे काम झाडाच्या यादीत शेवटी येते, त्यामुळे अन्न कमी पडले की पहिल्यांदा तेच थांबते.

एक गोष्ट इथे स्पष्ट करतो, कारण तिच्याबद्दल बराच गोंधळ आहे. विरळणीने एकरातले एकूण लाकूड वाढत नाही. एखाद्या जमिनीत, ठराविक पाण्यावर, एका वर्षात जेवढे लाकूड तयार व्हायचे तेवढेच साधारण होते, मग ते हजार झाडांवर वाटले जावो की तीनशेंवर. विरळणीने ही वाटणी बदलते. जास्तच झाडे काढली तर मोकळी जागा वाया जाते आणि एकूण लाकूडही घटते. तेव्हा विरळणी म्हणजे वाढ वाकड्या, दबलेल्या झाडांकडून काढून चांगल्या झाडांकडे वळवणे.

घेर दुप्पट झाला की लाकूड चौपट

आपल्याकडे व्यापारात गोल लाकूड चौथाई घेराने मोजतात. ओंडक्याच्या मध्यावरचा घेर घ्यायचा, त्याला चारने भागायचे, आलेल्या आकड्याचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचे. १० फूट लांब आणि २ फूट घेराचा ओंडका घ्या. २ चा चौथा भाग अर्धा फूट, त्याचा वर्ग पाव, गुणिले १० म्हणजे अडीच घनफूट. आता त्याच लांबीचा, ४ फूट घेराचा ओंडका घ्या. चौथा भाग १ फूट, वर्ग १, गुणिले १० म्हणजे १० घनफूट. चार बारीक झाडांत मिळून जेवढे लाकूड, तेवढे एका जाड झाडात असते. (या पद्धतीत खरे घनफळ साधारण एक पंचमांश कमी मोजले जाते, हेही विकताना लक्षात असू द्या.)

फरक एवढ्यावर थांबत नाही. सागाचा ओंडका आडवा कापला की दोन रंग दिसतात. बाहेरचे कडे पांढरट, आतला गाभा सोनेरी तपकिरी. सागाला वाळवी लागत नाही, तो पाण्यात टिकतो, ही सगळी ख्याती गाभ्याची आहे. बाहेरच्या पांढऱ्या लाकडाला किडा आणि बुरशी इतर कोणत्याही लाकडासारखीच लागते. सुतार ते तासून टाकतो किंवा आतल्या बाजूला वापरतो. हे पांढरे कडे झाड जाड झाले म्हणून त्याच प्रमाणात जाड होत नाही. उदाहरणासाठी ते ३ सेंटिमीटर धरू. साल काढल्यावर ८ सेंटिमीटर त्रिज्येच्या, म्हणजे सुमारे ५० सेंटिमीटर घेराच्या ओंडक्यात गाभ्याची त्रिज्या ५ उरते. क्षेत्रफळाने पाहिले तर गाभा ३९ टक्के. १६ सेंटिमीटर त्रिज्येच्या ओंडक्यात गाभ्याची त्रिज्या १३, आणि गाभा ६६ टक्के. म्हणजे ओंडका चौपट झाला तेव्हा गाभा जवळपास सातपट झाला. बारीक सागाला व्यापारी घनफुटाचा दरच कमी देतो, त्यामागे हे साधे गणित आहे. दरवेळी तो फसवतच असतो असे नाही.

बल्लारपूरच्या आगारातल्या लिलावाचे भाव आपल्याकडे व्हॉट्सॲपवर फिरत असतात. २०२३ मध्ये अयोध्येच्या राम मंदिरासाठी तिथून सागवान गेले तेव्हा तर फारच फिरले. तो माल चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातल्या जुन्या, जाड झाडांचा असतो. त्या भावाने आपल्या बारा वर्षांच्या बल्ल्यांची किंमत काढू नका.

"लवकर वाढलेले लाकूड पोचट" हे कितपत खरे?

विरळणीला विरोध करणारे बहुतेक जण हा मुद्दा काढतात. झाड मोकळे केले की ते भराभर जाड होईल, मग लाकूड हलके होईल. देवदार-पाइनसारख्या काही झाडांत जलद वाढीने लाकूड हलके होते हे खरे. सागाची रचना वेगळी आहे.

सागाच्या कापावर वर्तुळे स्पष्ट दिसतात. पाऊस सुरू होऊन पाने फुटतात तेव्हा झाड मोठ्या छिद्रांचा एक पट्टा तयार करते. पाणी वर चढवण्यासाठी त्याला ती नळकांडी लागतात. नंतर पावसाळाभर बारीक छिद्रांचा, घट्ट पट्टा तयार होतो. छिद्रांच्या पट्ट्याची रुंदी दरवर्षी जवळपास सारखीच राहते. वर्ष चांगले गेले, झाडाला जागा मिळाली, तर रुंद होतो तो घट्ट पट्टा. त्यामुळे बऱ्यापैकी वेगाने वाढलेला साग हलका होत नाही. उलट गर्दीत गुदमरलेल्या झाडाचे वर्तुळ इतके अरुंद होते की त्यात छिद्रेच जास्त आणि घट्ट लाकूड कमी राहते. ते लाकूड ठिसूळ निघते.

मग तरुण साग नरम का असतो? वयामुळे. कोणत्याही झाडाच्या मधल्या भागात, म्हणजे पहिल्या साधारण वीसेक वर्षांत तयार झालेले लाकूड कोवळे असते. त्याचे तंतू आखूड असतात, ते जास्त पिळते, गाभ्याचा रंग फिका राहतो. पंधरा वर्षांत जाड झालेले झाड पंधरा वर्षांचेच राहते. विरळणीने घेर वाढतो, सरळपणा टिकतो, गाभ्याचे प्रमाण वाढते, पण झाडाचे वय वाढत नाही. "टिश्यू कल्चर सागाचे दहा वर्षांत पक्के सागवान" असे सांगणाऱ्याला एवढेच विचारा, की वयाचे काय करणार? टिश्यू कल्चरने रोपे एकसारखी मिळतात, चांगल्या झाडाचा वाण मिळतो. त्यापुढचे काम वर्षांनीच करायचे असते.

वर्तुळांबाबत आणखी एक. फळी कापणाऱ्याला सारख्या रुंदीची वर्तुळे आवडतात. दहा वर्षे गुदमरलेले झाड एकदम मोकळे केले की आत केसाएवढी आणि बाहेर बोटाएवढी वर्तुळे तयार होतात. असे लाकूड वाळताना असमान आखडते, रंधा मारताना त्रास देते. थोडी थोडी, वेळेवर केलेली विरळणी हे टाळते.

वेळ वयावरून नाही, उंचीवरून ठरवा

पहिली विरळणी चौथ्या-पाचव्या वर्षी करावी असे पुस्तकात लिहिलेले असते. ते उत्तम जमिनीसाठी. नाशिक जिल्ह्यात वयावरून वेळ सांगणे म्हणजे इगतपुरी आणि येवल्याला एकच पीक दिनदर्शिका देण्यासारखे आहे. पश्चिमेला इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा भागात पाऊस धो-धो, पूर्वेला सिन्नर, येवला, नांदगावकडे त्याचा चौथा हिस्साही पडला तरी वर्ष बरे गेले म्हणतात. पेठच्या दरीतल्या खोल, निचऱ्याच्या मातीत साग पाचव्या वर्षी २५ फुटांच्या वर जातो. नांदगावच्या मुरमाड उतारावर त्याच उंचीला दहा वर्षेही लागू शकतात.

म्हणून खुणा पाहा. सरासरी उंची २५ ते ३० फूट झाली, छत्रे एकमेकांत शिरली, दुपारी जमिनीवर उन्हाचे कवडसे मोजकेच पडू लागले आणि खालच्या एक तृतीयांश खोडावरच्या फांद्या वाळल्या, की वेळ आली. दुसरी खूण म्हणजे हिरव्या छत्राची लांबी. ती झाडाच्या उंचीच्या निम्म्याच्या आसपास असावी. एक तृतीयांशाखाली गेली असेल तर तुम्हाला उशीर झालेला आहे.

पूर्व भागातल्या शेतकऱ्यांसाठी वेगळे सांगायला हवे. तिथे छत्रे भिडायच्या आधीच जमिनीखाली मुळे भिडलेली असतात. भांडण उजेडासाठी नसते, पाण्यासाठी असते. वर आकाश मोकळे दिसते म्हणून विरळणीची गरज नाही असे समजू नका. सलग दोन वर्षे खोडाचा घेर वाढला नसेल आणि पाऊस बरा झाला असूनही पाने लवकर गळत असतील, तर विरळणी करावी. घेर मोजायला साधा शिंप्याचा टेप पुरतो. जमिनीपासून साडेचार फुटांवर, दरवर्षी त्याच वीस झाडांचा घेर जानेवारीत मोजून वहीत लिहा. एवढी एक वही असेल तर निम्मे प्रश्न विचारावेच लागत नाहीत.

६ बाय ६ फुटांवर एकरी १,२१० झाडे बसतात. पहिल्या विरळणीत एक सोडून एक तिरकी ओळ काढली की साधारण साडेआठ फुटांचे अंतर आणि सहाशेच्या आसपास झाडे राहतात. दुसऱ्या वेळी, बहुधा पहिलीनंतर चार-पाच वर्षांनी, राहिलेल्यांतली एक सोडून एक ओळ काढली की १२ बाय १२ फूट, म्हणजे तीनशे झाडे. वनविभाग आणि वनविकास महामंडळ यांच्या मोठ्या रोपवनांत पहिल्या विरळण्या अशा ओळीने करणे सोयीचे असते, कारण हजारो झाडे एकेक करून निवडत बसणे शक्य नसते. तुमच्याकडे एक-दोन एकर असेल तर ओळ फक्त मार्गदर्शक धरा. तोडायच्या ओळीतले झाड सरस असेल आणि शेजारचे ठेवायचे झाड वाकडे असेल तर खुशाल अदलाबदल करा. तिसऱ्या विरळणीपासून ओळ विसरायची आणि फक्त झाड पाहायचे. पंचवीस-तीस वर्षांनी तोड करायची असेल तर शेवटी एकरी शंभर ते सव्वाशे झाडे पुरे.

हा आकडा ऐकून पुष्कळ जण दचकतात. केरळात निलांबूरला १८४० च्या दशकात लावलेला सागाचा तुकडा अजून जपून ठेवला आहे, जगातल्या सर्वांत जुन्या सागाच्या लागवडींपैकी एक. साधारण साडेपाच एकरांत आज सव्वाशेच्या आत झाडे उभी आहेत. म्हणजे एकरी वीस-बावीस.

कोणते झाड काढायचे

खरी चूक इथे होते. आमच्याकडेही इथेच झाली.

पहिला मोह असतो जाड झाडे विकण्याचा. व्यापारी म्हणतो, "बारीक कोण घेणार? जाड द्या, रोख घ्या." असे केले की मागे राहतो तो चाळणीवरचा कोंडा. दबलेले झाड मोकळे केल्याने राजा होत नाही. सागाचे गुदमरलेले झाड उशिरा मोकळे केले तर फार थोडे सावरते. शिवाय सगळ्या झाडांना पाणी-जमीन सारखीच मिळालेली असते, तरी काही मागे पडली, त्यात वाणाचाही भाग असतो. व्यापाऱ्याला तुकडा उक्ता देऊन निवड त्याच्यावर सोपवू नका. झाडांवर खूण तुम्ही स्वतः करा.

दुसरी चूक याच्या उलट आहे आणि ती सावध शेतकरी करतो. तो फक्त मेलेली, मरतुकडी, काठीएवढी झाडे काढतो. ती झाडे कुणाचे काही घेतच नव्हती. ती काढल्याने तुकडा स्वच्छ दिसतो, चांगल्या झाडाला मात्र काहीच मिळत नाही.

काढायचे ते चांगल्या झाडाच्या शेजारचे बलदंड पण वाईट झाड. आधी ठेवायची झाडे ठरवा. सरळ खोड, एकच शेंडा, गोल आणि चारही बाजूंना सारखे छत्र, बारीक फांद्या, बुडाशी पोकळी किंवा आगीचा डाग नाही, अशी झाडे १८-२० फुटांवर एक या बेताने निवडा आणि त्यांना पांढरा पट्टा मारा. मग प्रत्येक पट्ट्याच्या झाडाखाली उभे राहून वर पाहा. त्याच्या छत्रात घुसणारी एक किंवा दोन झाडे दिसतील. त्यांना लाल खूण करा. दुबेळके असलेले, मनगटाएवढ्या फांद्या पसरून बसलेले दांडगे झाड या खुणेत आधी येते, मग ते कितीही जाड असो. दुबेळक्यात पाणी साचते, तिथून कुज खोडात उतरते. कललेले झाडही काढावे. कललेल्या खोडात गाभा मध्यावर राहत नाही, एका बाजूला सरकतो, आणि फळी कापताच ती धनुष्यासारखी वाकते.

खुणा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कराव्यात, पाने झाडावर असताना. पानगळ झाली की छत्राची गर्दी दिसत नाही आणि सगळी झाडे सारखीच वाटतात. तोड डिसेंबर ते फेब्रुवारीत करावी.

उशीर झाला असेल तर

बारा-पंधरा वर्षे विरळणीच झाली नसेल, तर आता एकदम निम्मी झाडे काढू नका. उंच-बारीक झाडे एकमेकांच्या आधाराने उभी असतात. आधार गेला की पहिल्या पश्चिमेच्या वाऱ्यात वाकतात. अचानक ऊन लागलेल्या खोडावर सुप्त डोळे जागे होतात आणि फुटवे येतात. द्राक्षाची बगलफूट आपण वेळीच काढतो, सागाच्या खोडावरच्या फुटव्याकडे कोणी पाहत नाही. तो फुटवा दोन-तीन वर्षे राहिला की स्वच्छ खोडात गाठ तयार.

अशा तुकड्यात एका वेळी चौथा हिस्सा, फार तर एक तृतीयांश झाडे काढा. पुन्हा दोन-तीन वर्षांनी तेवढीच. पश्चिमेकडच्या कडेची एक-दोन ओळी शेवटपर्यंत दाट ठेवा. पेठ-सुरगाण्याच्या उघड्या उतारांवर तर हे अत्यावश्यक आहे. तोडीनंतरच्या पहिल्या दोन पावसाळ्यांत खोडावरचे फुटवे कोवळे असतानाच हाताने मोडून काढा.

फांद्यांची छाटणी विरळणीबरोबरच करावी. गाठीचे दोन प्रकार आहेत. जिवंत फांदीची गाठ आजूबाजूच्या लाकडाशी एकजीव असते, फळीत ती चालून जाते. वाळलेली फांदी खोडावर तशीच राहून लाकडाने वेढली गेली, तर गाठ सुटी राहते आणि फळी वाळल्यावर निखळून भोक पडते. म्हणून फांदी अंगठ्याएवढी असताना, करवतीने, खोडालगत पण फुगीर कडे न दुखावता कापावी. कोयत्याने तासू नये, खुंट ठेवू नये. छाटणी खालच्या निम्म्या उंचीपर्यंतच. सरपणासाठी शेंड्यापर्यंत ओरबाडलेले साग रस्त्याच्या कडेला तुम्ही पाहिले असतील. त्यांचे खोड सरळ असते पण जाड होत नाही, आणि फाटलेल्या सालीतून खोड पोखरणारी अळी आत जाते.

बांधावरचा साग

बांधावर १०-१२ फुटांवर एकेरी ओळीत लावलेल्या सागाला दोन्ही बाजूंनी ऊन मिळते. तिथे विरळणीपेक्षा छाटणी महत्त्वाची. २०१८ पासूनच्या कन्या वन समृद्धी योजनेत मुलीच्या जन्मानंतर मिळणाऱ्या दहा रोपांत पाच सागाची असतात. ती पाच झाडे बांधावर असतील तर त्यांतले एकही काढायची गरज नाही, पहिली आठ वर्षे दर हिवाळ्यात फांद्या पाहा म्हणजे झाले. बांधावर ५-६ फुटांवर लावलेली असतील तर मात्र सात-आठ वर्षांनी एकाआड एक काढा. शेजाऱ्याच्या बांधाचा प्रश्न असेल तर आधी त्याच्याशी बोलून घ्या.

परवानगी, तोड आणि निघालेला माल

साग स्वतःच्या शेतात स्वतः लावलेला असला तरी तो महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीतला वृक्ष आहे. विरळणीसाठी तोडतानाही वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी आणि माल हलवताना वाहतूक परवाना लागतो. आदिवासी खातेदारांच्या झाडांच्या विक्रीला १९६९ चा स्वतंत्र कायदा लागू आहे. सुरगाणा, पेठ, कळवणकडच्या बांधवांनी व्यापाऱ्याशी परस्पर व्यवहार न करता वन परिक्षेत्र कार्यालयातूनच प्रकरण करावे. सात-बारावर झाडांची नोंद नसेल तर प्रकरण तिथेच अडते. ई-पीक पाहणीत बांधावरची झाडेही नोंदवता येतात, ती नोंद दरवर्षी करा. प्रकरणाला महिने लागतात हे धरून पावसाळ्यातच अर्ज द्यावा, म्हणजे हिवाळ्याची तोड हुकत नाही. २०१२ मध्ये आमची निवड घाईत झाली त्याचे एक कारण हेही होते. परवानगी हातात आली तेव्हा फेब्रुवारी संपत आला होता आणि पैसे मार्चअखेर हवे होते.

तोडताना झाड कुठे पडणार हे आधी ठरवा. पडणाऱ्या झाडाने ठेवलेल्या झाडाची साल सोलली तर त्या जखमेचा काळा डाग गाभ्यापर्यंत जातो. पहिल्या विरळणीच्या बल्ल्या वासे, मांडव, गोठ्याच्या मेढी, कुंपणाचे खांब यांना जातात. त्यांत जवळजवळ सगळे पांढरेच लाकूड असते, त्यामुळे मातीत गाडायच्या टोकाला डांबर किंवा वाळवीनाशक लावल्याशिवाय वापरू नका. सागवान आहे म्हणून टिकेल, ही समजूत इथे चालत नाही. दुसऱ्या विरळणीतला चांगला माल सावलीत, जमिनीपासून उचलून रचा आणि दोन्ही टोकांना जुना रंग किंवा मेण फासा, नाहीतर उन्हाने टोकांना चिरा जातात.

पश्चिम पट्ट्यात फांद्या-पाला राबाला वापरतात, ते चांगलेच. पण राब सागाच्या तुकड्यापासून लांब जाळा आणि तुकड्याभोवती आठ-दहा फुटांचा पट्टा झाडून घ्या. मार्चमध्ये सागाचा वाळला पाला जमिनीवर गुडघाभर असतो. ठिणगी पडली तर झाडे मरत नाहीत, पण बुडाची साल भाजते आणि वीस वर्षांनी खालचा, सर्वांत जाड, सर्वांत महाग ओंडका पोकळ निघतो.

तोडलेल्या बुंध्यांना पावसाळ्यात धुमारे फुटतील. वर ठेवलेल्या झाडांच्या सावलीत ते काठीच राहतात आणि पाणी मात्र खातात. जून-जुलैत एकदा आणि सप्टेंबरमध्ये एकदा ते कापून टाका. जिथे एखादे झाड मेल्याने १५-२० फुटांची उघडी जागा पडली असेल, फक्त तिथे बुंध्याला लागून जमिनीतून आलेला सर्वांत जोमदार एक धुमारा ठेवा. आमच्या अर्ध्या एकरात असे नऊ धुमारे ठेवले होते. गेल्या जानेवारीत मोजले तेव्हा त्यांतल्या चारांचा घेर २०१२ मध्ये मागे राहिलेल्या कित्येक जुन्या झाडांपेक्षा जास्त भरला.